सोलं, आगळ, मुठेल: रातांब्याच्या एका हंगामाच्या नोंदी

कुडाळ तालुक्यातलं आमचं घर. मागच्या उतारावर आजोबांच्या वेळची रातांब्याची नऊ झाडं आहेत. आतापर्यंत फळं झाडाखाली कुजायची नाहीतर माकडांच्या पोटात जायची. घरात आते एकटी राहते, सत्तरी उलटलेली. ती घरापुरती सोलं करते, तेवढंच. या वर्षी कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन सगळा हंगाम स्वतः करायचं ठरवलं. कुणी पहिल्यांदाच करणार असेल तर काय चुकलं ते कळावं म्हणून या नोंदी ठेवल्या. आमच्याकडे कोकमाच्या फळाला रातांबा किंवा भिरंड म्हणतात. वाळवलेली साल म्हणजे सोलं, घाटावर आणि मुंबईत तीच आमसुलं. मिठात उतरवलेला रस म्हणजे आगळ. बियांच्या तेलाचा गोळा म्हणजे मुठेल.

११ जानेवारी २०२५

चार दिवसांच्या सुट्टीत गावी. झाडं फुलली आहेत. नऊ झाडांची नऊ पोती भरणार असा माझा हिशेब होता. वरच्या बांधावरचं एक झाड फुलांनी लगडलेलं, पण आते म्हणाली त्याला आजवर एक फळ लागलेलं नाही. मी लगेच म्हटलं, तोडून टाकू, सरपण होईल.

"अरे, तो नर आसा. वांझ न्हय. तेका तोडलंस तर बाकीची काय धरतली?"

मग आतेने एकेका झाडाखाली नेऊन दाखवलं. नराची फुलं पाच-सहाच्या घोसाने येतात आणि मध्ये पुंकेसरांचा दाट गोंडा असतो. मादीचं फूल एकटं-दुकटं, मध्ये फुगीर गोल बोंड. एकदा डोळ्याला सवय झाली की लांबूनही ओळखू येतं. नऊपैकी तीन नर निघाले. बियांपासून लावलेल्या झाडाचं हेच दुखणं: सात-आठ वर्षं वाट पाहायची, फुललं की मग कळणार. ज्यांना खात्री हवी त्यांनी कलमंच लावावीत.

मादी झाडांच्या बुंध्याला गेरूचा पट्टा मारून ठेवला. तुम्हीही हे काम फुलांच्या दिवसांतच उरका. एप्रिलमध्ये गडी झाडावर चढला की तो विचारतो कुठलं, आणि आपण पानांकडे बघत उभे राहतो.

१९ एप्रिल

हंगामभर मुक्कामाला आलो. येताना डोंबिवलीहून आणलेलं सामान: वजनकाटा, मलमलीचं कापड, रबरी हातमोजे. आतेने हातमोजे बघून काही न बोलता ते खिडकीत ठेवले.

पहिली तोडणी. चढायला गडी घेतला, दिवसाचे ७०० रुपये. एकूण २२ किलो उतरली. त्यातली निम्मी अजून तांबूस-हिरवी होती. मला वाटलं आंब्यासारखी आढीत पिकतील. दोन दिवसांत मऊ पडली, पण काळपट जांभळा रंग काही चढला नाही. रातांबा झाडावरच गडद व्हावा लागतो. कच्ची काढली की साल फिकट वाळते, आणि फिकट सोलाला कोण विचारतो?

२१ एप्रिल

फोडणी. आते सुरी वापरतच नाही. फळ दोन्ही हातांत धरून अंगठ्याने दाबते, की ते मधोमध फुटतं. बिया गरासकट एका भांड्यात, साल दुसऱ्या. मी सुरीने कापत होतो, म्हणून हळू चाललं आणि प्रत्येक फळात एखादी बी कापली जात होती. दुपारपर्यंत मीही अंगठ्यावर आलो. हातमोज्यांत फळ घसरतं, ते खिडकीतच बरे होते. फक्त बोटाला कुठे चीर असेल तर आधी पट्टी लावा. रातांब्याचा आंबटपणा जखमेत गेला की माणूस उभ्या उभ्या नाचतो.

२२ किलो फळांची साल ११ किलो भरली. गर-बियांना किलोभर मीठ चोळून ठेवलं, म्हणजे त्यांना पाणी सुटतं. त्या रसात साल बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. याला पुट देणं म्हणतात. आतेच्या आईकडे सात पुटं द्यायचे म्हणे. पुटं जितकी जास्त तितकं सोल जाड, काळं आणि आंबट. बाजारातली पातळ, कागदासारखी सोलं म्हणजे एखाद-दुसऱ्या पुटाची.

२२ एप्रिल

पहिला फटका. रात्री रस मोठ्या पातेल्यात काढून झाकून ठेवला होता. पातेलं ॲल्युमिनियमचं. सकाळी रसाचा रंग मळकट, चवीला जिभेवर पत्रा ठेवल्यासारखा, आणि पातेल्याच्या तळाला टाचणीने टोचावं तसे खड्डे. तीन लिटर रस ओतून दिला.

"ॲल्युमिनात कोण आंबट ठेवता?" आते एवढंच म्हणाली.

या कामाला स्टील, चिनी मातीची बरणी किंवा खाण्याच्या वस्तूंसाठी असलेला प्लास्टिकचा पिंप. ॲल्युमिनियम नाही, लोखंड नाही, तांबं-पितळ तर अजिबात नाही. तांब्याची देवाची भांडी आम्ही आमसुलानेच घासतो. जे आम्ल तांब्यावरचा काळा थर सोडवतं ते साध्या पातेल्याला सोडणार आहे का? हे डोक्यात होतं, हातात नव्हतं.

रस कमी पडल्याने या खेपेला दोनच पुटं झाली.

२८ एप्रिल

पहिली सोलं तयार. १.३ किलो. रंग विटकरी. आतेने एक तुकडा चोखून पाहिला आणि डबा घरच्या सारासाठी म्हणून आत नेला. विकण्याच्या लायकीची नाहीत हे सांगायची तिची पद्धत.

संध्याकाळी तिने विचारलं, "बियो खय आसत रे?"

रस गाळून झाल्यावर बिया मी उकिरड्यावर टाकल्या होत्या. कॅम्पोस्ट होईल म्हणून. ती काठी घेऊन उकिरड्यापर्यंत गेली, बघितलं, परत आली. "मुठेल काय आभाळातसून पडतला?"

२ मे

दुसरी तोडणी, या वेळी फक्त गडद फळं. आकडीने ओढून खाली गोणपाट धरलं, तरी तिसरा हिस्सा आपटून फुटला. फुटलेली फळं त्याच दिवशी फोडली तर चालतात. ४१ किलो. २४ किलो सोलांना, १७ किलो आगळाला.

शेजारच्या आबांनी लावलेली कोकण अमृताची कलमं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात. त्यांची झाडं आजच जवळजवळ रिकामी झाली. साल जाड, फळं एकसारखी. आमच्या गावठी झाडांवर अजून निम्मी हिरवी आहेत. आबा म्हणाले, "तुझी झाडां पावसाक वळखत नाय." मी हसलो. पाऊस म्हणजे जूनचा पहिला आठवडा, महिना आहे हातात.

आगळाची माझी पद्धत: फळं फोडून बिया-सालीसकट पिंपात, वर जाडं मीठ, रोज लाकडी डावाने ढवळायचं, आठवड्याने गाळायचं. मीठ १.५ किलो घातलं. आते म्हणाली कमी आहे. मी म्हटलं, आजकाल लोकांना कमी मिठाचं लागतं.

७ मे

रात्री वळीव. अंगणातली साल ताडपत्रीखाली ओढताना पाय घसरला, गुडघा सोलला. साल वाचली, कारण आते आधीच उठून बसली होती. तिला मातीचा वास माझ्याआधी आला.

सकाळी पिंपाचं झाकण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. आगळ फसफसलं होतं. वर फेस, वास दारूच्या गुत्त्यासारखा. मीठ कमी म्हणजे हेच. आता वरून मीठ घालून उपयोग नव्हता, चव गेलेली. १७ किलो फळं गेली. चोथ्यातल्या बिया मात्र काढून घेतल्या, आणि त्या रसाने देव्हाऱ्यातली समई, तांब्या, पंचपात्र सगळं लखलखीत करून घेतलं. दोन पिढ्यांत एवढी चकाकी आली नसेल.

प्रमाण लिहून ठेवा: सहा किलो फोडलेल्या फळांना एक किलो जाडं मीठ, त्याखाली जायचं नाही. आगळ खारट लागतंच. ते तसंच प्यायचं नसतं, सोलकढीत चमचाभर जातं, मग कढीत वेगळं मीठ घालायचं नाही. कमी मिठाचं हवं असेल तर ते पिताना करा, टिकवताना नको.

११ मे

२४ किलोची सोलं तयार: २.९ किलो. पाच पुटं दिली. काळी, जाड, हाताला किंचित चिकट. या वेळी आतेने स्वतः बरणीत भरली, थरांच्या मध्ये मिठाची चिमूट पेरत. ही या हंगामातली एकमेव खेप जी कुणाला दाखवावी.

वाळवण्याबद्दल दोन गोष्टी. एक, साल पहिल्या दिवशी पालथी घालायची नाही. वाटी वर तोंड करून ठेवली की आतला रस आतच आटतो, पालथी घातली की चटईवर गळतो. दोन, सोल पूर्ण कडक होऊ द्यायचं नाही. दुमडलं तर वाकलं पाहिजे, मोडता कामा नये.

तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आज नव्या सोलांवर केलं. चार तुकड्यांनी सबंध पातेलं आंबट झालं. पहिल्या खेपेची दहा घातली असती तरी झालं नसतं.

१४ मे

तिसरी तोडणी, ५८ किलो. सगळ्यात मोठी. सगळी सोलांना घेतली, दोन दिवस फोडण्यात गेले. वाडीतल्या दोघी मदतीला आल्या, त्यांनी पैशांऐवजी फळं मागितली.

रोज दुपारी ढग येतात. कालही शिंतोडे. म्हणून मी मुंबईच्या डोक्याने एक युक्ती काढली: बांबूच्या कमानी, वर अतिनील किरणं झेलणारा प्लास्टिकचा कागद, आत जाळीचे तीन माच. एक छोटा बोगदाच. कागद १,८५० रुपयांना. आत हात घातला तर भट्टी. स्वतःवर फार खूश होतो.

१८ मे

बोगदा फसला. दिवसा आत वाफ धरते, रात्री तीच कागदाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन सालीवर टपकते. मी दोन्ही तोंडं बंद केली होती, पाऊस आत येऊ नये म्हणून. वारा जायला वाट नाही, तर पाणी जाणार कुठे? मधल्या माचावर पांढरी, कापसासारखी बुरशी. दोन्ही टोकं उघडली, वरही फट काढली, पण तोवर हवाच दमट झालेली. पुन्हा करेन तर दोन्ही टोकांना जाळी, छपराच्या शिखराला सलग फट, आणि रात्री साल घरात.

२१ मे

काल दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. वळीव नाही हा, मृगासारखा एका लयीत पडतोय. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे म्हणतात. वीज गेली आहे.

बुरशीची साल निवडली. २९ किलो ओल्या सालीतली साधारण १८ किलो फेकली. बुरशी धुऊन वापरावी का, असं मी विचारलं. आतेने उत्तर द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. उरलेली ११ किलो तिने चुलीवरच्या माळ्यावर पसरली आणि खाली फणसाच्या लाकडाचा मंद जाळ ठेवला. बाजूला सुके बांगडे, कांद्याच्या माळा आणि आता रातांबे. पुटं द्यायला रस होता, पण रोज खाली उतरवून बुडवणं जमेना. दोनच झाली.

झाडांवर अजून फळं आहेत. पावसाचं पाणी लागलं की ती फुटतात, मग एका रात्रीत गळतात.

२३ मे

पावसात चौथी तोडणी. गडी चढायला तयार नव्हता, आणि बरोबरच होतं. ओली फांदी म्हणजे गुळगुळीत साबण. खालून आकडीने जेवढी आली तेवढी, आणि गळालेल्यांतली निवडून, ३० किलो. निम्मी तडकलेली.

मी हात टेकले होते. म्हटलं, आता यांचं काय करणार?

"पाऊस इलो म्हणान काय झाला? मीठ आसा मां?"

पाच किलो मीठ मोजून घातलं. आगळाला ऊन लागत नाही हे मला आधी कळायला हवं होतं. गेल्या खेपेची ५८ किलो मी हट्टाने सोलांना घेतली नसती, निम्मी जरी पिंपात टाकली असती, तर आज १८ किलो साल उकिरड्यावर नसती. ज्यांची झाडं गावठी आणि उशिराची आहेत त्यांच्यासाठी माझा सल्ला: १० मेपर्यंतची फळं सोलांना, त्यानंतरची डोळे मिटून आगळाला.

याच फळांतल्या मूठभर ताज्या बिया चाळीस पिशव्यांत पेरल्या. आधी एप्रिलच्या शेवटी काही कडक वाळवलेल्या बिया पेरल्या होत्या, उकिरड्यावरून उचललेल्या. एकही उगवली नाही. रातांब्याची बी वाळली की मरते, गरातून काढली की लगेच मातीत गेली पाहिजे.

२६ मे

काल मान्सून तळकोकणात पोचल्याचं जाहीर झालं, आज मुंबईतही. मुंबईला त्याची नेहमीची तारीख ११ जून. आबा कुंपणावरून विचारून गेले, "काय, पावसान वळाखल्यान मां?"

माळ्यावरची सोलं उतरवली. १.६ किलो. धुराचा वास येतो. मला तो आधी खटकला, पण माशाच्या आमटीत बरा लागतो, सोलकढीत मात्र नाही.

३० मे

आगळ गाळलं. ११ लिटर. रंग दाट, जवळजवळ काळा. प्रकाशात बाटली धरली की कडेने लाल. फसफस नाही, फेस नाही. बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या.

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमच्याकडे आगळ पाण्यात घालून प्यायला देतात आणि भिजवलेलं सोल अंगाला चोळतात. माझ्या अंगावर लहानपणी किती वेळा चोळलंय. थंड वाटायचं, एवढं खात्रीने सांगतो.

३ ते ५ जून

आता बिया. यासाठी मी थांबलो होतो असं नाही, थांबावं लागलं. आतेचं गणित असं, की बाहेर काही करता येत नाही तेव्हा मुठेल करायचं.

बिया प्रत्येक खेपेला राखेत चोळून, गर पूर्ण काढून धुतल्या होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बियांना अंगणातलं ऊन मिळालं, शेवटच्या चुलीवर वाळल्या. एकूण आठ किलो. हातात घेऊन हलवली की आत वाजते ती वाळली. वाजत नाही ती परत माळ्यावर. वायनात, म्हणजे उखळात, हलक्या हाताने कांडून टरफल फोडलं, सुपाने पाखडलं. आतला मगज पाच किलो निघाला. पाखडायला मला जमत नाही, मगजच उडून जातो. ते दोन दिवस सगळं आतेने केलं, मी टरफलं वेचत बसलो.

६ जून

वीज आली होती म्हणून मी किलोभर मगज मिक्सरमध्ये घातला. कांडण्याचा वेळ वाचेल म्हणून. दुसऱ्या फेरीला मगज तेल सोडून लगदा झाला, पातं अडकलं, मोटरचा वास आला आणि मिक्सर बसला. दुरुस्ती ९०० रुपये.

तोच लगदा थोड्या पाण्यात उकळत ठेवला. पाणी कमी पडलं, तळाला लागलं. वर जे तरंगलं ते पळीने काढून वाटीत घेतलं. गार झाल्यावर ९० ग्रॅमचा गोळा, करड्या रंगाचा. आत कचकच, मध्ये पाण्याचे खिसे. चार दिवसांत त्याला बुरशी आली.

११ जून

उरलेल्या चार किलोंचं मुठेल आतेच्या पद्धतीने. सविस्तर लिहितो, कारण शोधायला गेलं तर कुणी नीट सांगत नाही.

मगज वायनात मुसळाने कांडायचा, हाताला तेलकट लागेपर्यंत. पीठ नको, जाडसर भरड नको, ओलसर रव्यासारखा. आम्ही दोघांनी आलटून पालटून तीन तास कांडलं. मोठ्या टोपात मगजाच्या चौपट पाणी उकळलं, त्यात हा लगदा थोडा थोडा सोडला. आच मध्यम. खळखळ उकळलं तर तेल पुन्हा पाण्यात मिसळतं आणि वर यायला तयार होत नाही. अर्ध्या तासाने वर सोनेरी डोळे दिसायला लागतात, मग ते एकमेकांना जोडतात. पळी आडवी धरून वरचं तेवढंच घ्यायचं. पाणी आटेल तसं गरम पाणी घालत राहायचं, गार नाही. साडेचार तास चाललं. शेवटी वर काही येईना तेव्हा थांबलो.

काढलेलं तेल रात्रभर ठेवलं. सकाळी पांढरट वडी झाली होती, खाली थोडं पाणी. वडी उचलून पाणी टाकलं. मग ती कोरड्या कढईत पुन्हा मंद आचेवर वितळवली, तडतड थांबेपर्यंत. तडतड म्हणजे आत पाणी आहे. माझ्या पहिल्या गोळ्याला बुरशी का आली ते इथे कळलं. मलमलीतून गाळलं, परातीत ओतलं. अर्धवट थिजल्यावर आतेने हाताला पाणी लावून एकेक मूठ उचलली आणि दाबली. बोटांचे ठसे गोळ्यावर तसेच राहतात, म्हणूनच मुठेल.

१.१ किलो. नऊ गोळे. वास जवळजवळ नाही. जूनच्या दमट उकाड्यातही दगडासारखे घट्ट. हे तेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे अंगाला लावलं की हळूहळू विरघळतं आणि कपाटात ठेवलं की तसंच राहतं. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर ज्या सहा वनस्पतींची चरबी चालते त्यांत आपला रातांबा आहे. आतेला सांगितलं. तिने विचारलं, मग ते टाचांना काय लावतात?

तिच्या टाचांना भेगा आहेत, पावसात भातलावणीच्या दिवसांत चिरतात. रात्री गोळा चुलीजवळ धरायचा, भेगेत घासायचा, निखाऱ्याची धग द्यायची. ओठ फुटले, हात पोळला, सगळ्याला हेच. लहानपणी आव झाली की मऊ भातात मुठेल कालवून भरवायचे, तेही आठवतं. एका वाडीत तर याचाच तळणीला वापर करायचे असं ती सांगते. मी चव घेतली: काहीच चव नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं.

२ जुलै

टरफलं आणि चोथा चुलीत गेला. उत्तम पेटतो. तेल अजून बरंच आत राहिलंय याचा तो पुरावा. घाण्यावर जास्त निघालं असतं. जवळच्या घाणेवाल्याला विचारलं होतं, तो म्हणाला, पोतंभर बिया असल्याशिवाय घाणा घाण करणार नाही. पुढच्या वर्षी वाडीतल्या चार घरांच्या बिया एकत्र केल्या तर पोतं भरेल. सध्या बहुतेक घरांच्या बिया तिथेच जातात, जिथे माझ्या पहिल्या खेपेच्या गेल्या.

१९ जुलै

हिशेब. गडी तीन दिवस २,१००. प्लास्टिक कागद १,८५०. दोन पिंप १,३००. मिक्सर ९००. बाटल्या ४८०. कापड २४०. पंधरा किलो मीठ २१०. एकूण ७,०८० रुपये. माझे तीन महिने आणि आतेचे हात यात धरलेले नाहीत.

फळं १५१ किलो. त्यातून सोलं ५.८ किलो, आगळ ११ लिटर, मुठेल १.१ किलो. विकलं ते एवढंच: तीन किलो सोलं ३०० रुपयांनी, सहा लिटर आगळ १२० रुपयांनी. १,६२० रुपये. खोट ५,४६० रुपये. कागद, पिंप आणि मिक्सर पुढे वापरात राहतील म्हणून मी स्वतःची समजूत घालतो, पण आतेच्या पद्धतीने पहिल्या दिवसापासून केलं असतं तर कागद आणि मिक्सर हे दोन खर्च झालेच नसते.

मुठेल विकलं नाही. वाडीतल्या मदतीला आलेल्या दोघींना एकेक गोळा, आबांना एक, चार आतेकडे, दोन माझ्या पिशवीत.

पेरलेल्या चाळीस पिशव्यांपैकी तेवीस उगवल्या. कोवळी पानं तांबूस लाल आहेत. परवा पाऊस उघडला की वरच्या बांधावर, नर झाडाच्या अलीकडे लावतो. साधारण निम्मी नर निघणार. कुठली ते २०३२ च्या जानेवारीत कळेल, तेव्हा गेरू घेऊन यायचं आहे.